हमिंगबर्डचा फीडर: बाटली भरून विसरू नका, पायरी पायरीने असं करा

मे महिना अर्धा सरला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "अगं फीडर लावून तीन आठवडे झाले, एक पक्षी फिरकला नाही, तुझ्याकडे बरे येतात!" मी विचारते फीडरमधलं साखरपाणी कधी बदललंस, की पलीकडे शांतता, आणि मग हळूच "बदलायचं असतं?" बाटली अजून अर्धी भरलेली दिसते ना मग कशाला बदलायचं, हा हिशोब आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. फीडर ही शोभेची वस्तू नाही हो, ते दुधाच्या पातेल्यासारखं रोजच्या वापरातलं भांडं आहे, उन्हात ठेवलं की नासणार.

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो म्हणून खालचं सगळं अमेरिकेच्या पूर्वेकडच्या हिशोबाने आहे. आपल्याकडे घरटं करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड. वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेपेक्षाही कमी. कॅलिफोर्नियातल्या मंडळींकडे अ‍ॅनाज् हमिंगबर्ड वर्षभर असतो, त्यांनी तारखा सोडून द्याव्यात, बाकी साखरपाण्याचे आणि धुण्याचे नियम तेच.

आणि पुण्याहून वहिनी विचारते की आमच्या गॅलरीत जास्वंदावर येतो तो हमिंगबर्डच ना? नाही, तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात असतात, उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे, भारतात एकही नाही, त्यामुळे ऑनलाइन फीडर मागवून कोथरूडला टांगलात तर मुंग्या येतील आणि मधमाश्या येतील, बस.

१. आधी जागा, मग फीडर

बहुतेक जण उलटं करतात. दुकानात लाल काचेची छान बाटली दिसली की उचलतात, घरी आल्यावर बघतात टांगायची कुठे, आणि मग जिथे खिळा असेल तिथे ती जाते. आधी एक दिवस नुसतं बघा की अंगणात किंवा डेकवर ऊन कधी कुठे येतं.

हवी अशी जागा: सकाळचं ऊन, दुपारी १२ नंतर सावली. जमिनीपासून साधारण ५ फूट, म्हणजे तुमचा हात सहज पोचेल एवढं, कारण हे दर दोन-तीन दिवसांनी काढायचं आहे आणि दर वेळी स्टूल आणायला लागलं की जुलैपर्यंत तुम्ही कंटाळणार. दहा-पंधरा फुटांवर एखादं झाड किंवा झुडूप असावं, कारण हा पक्षी दिवसभर उडत नसतो, बराच वेळ एखाद्या वाळक्या काडीवर बसून फीडरवर नजर ठेवून असतो. झुडूप अगदी लागून मात्र नको, शेजाऱ्यांची मांजर त्याच्यात दबा धरून बसते.

खिडकीचं नीट समजून घ्या. फीडर काचेपासून ३ फुटांच्या आत ठेवा, नाहीतर चांगला लांब. मधल्या अंतरावर असला की पक्षी तिथून सुटतो तो पूर्ण वेगात काचेवर आदळतो, आणि ३ फुटांच्या आत असला की त्याला वेग घ्यायलाच जागा मिळत नाही. डेकचं मोठं सरकतं दार असेल तर काचेला बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा. घारीचा एकच स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जातो आणि आपटतो.

टाउनहाउसवाल्यांनी एचओएचे, म्हणजे तिथल्या घरमालक संघटनेचे, नियम आधी वाचावेत, काही ठिकाणी खांब रोवायला परवानगी नसते. तिथे काचेला चिकटणारा सक्शन कपचा छोटा फीडर चालतो आणि खरं सांगू, बघायला तोच सगळ्यात भारी, तुम्ही आत चहा पिताय आणि तो बाहेर तुमच्या नाकासमोर.

तपासा: दुपारी २ वाजता त्या जागी हात धरून उभे राहा. हाताला चटका बसत असेल तर जागा बदला.

२. फीडर घेताना

दोन प्रकार असतात. एक उलटी बाटली, खाली लाल फुलांची थाळी. दुसरा बशीसारखा चपटा, वर झाकण, झाकणाला भोकं. मी चपटाच घ्या म्हणेन. उलट्या बाटलीत आतली हवा उन्हाने फुगते आणि पाणी खाली ढकलते, मग थेंब थेंब गळत राहतं, आणि गळलं की मुंग्या, गांधीलमाशा, सगळा गाव गोळा होतो. चपट्यात पाणी भोकाच्या खाली असतं, पक्ष्याची लांब जीभ पोचते, माशीची पोचत नाही. शिवाय धुवायला दोन तुकडे, बोटं सगळीकडे जातात.

साइज छोटा. ८ औंसाचा पुष्कळ झाला. एक पक्षी दिवसाला चमचा-दोन चमचे पिणार, त्याला ३२ औंसाची बाटली कशाला? मोठी बाटली म्हणजे तीन हिस्से साखरपाणी सिंकमध्ये ओतायचं किंवा ओतवत नाही म्हणून नासकं तसंच ठेवायचं, आणि आपल्याला अन्न टाकवत नाही हे आपण जाणतोच, त्यामुळे दुसरंच घडतं.

फीडरवर लाल रंग थोडा तरी असावा. पिवळी फुलं लावलेले नकोत, पिवळ्याकडे मधमाश्या आणि गांधीलमाशा जास्त येतात. चुकून घेतलाच असेल तर पिवळा भाग काढून टाका.

तपासा: आणल्या आणल्या साध्या पाण्याने भरून तासभर सिंकवर टांगा. गळला तर परत करा. बाटली धुवायचा ब्रश सगळ्या कोपऱ्यात जातोय का तेही आत्ताच बघा, जात नसेल तर तो फीडर दिसायला कितीही सुंदर असू दे, नको.

३. साखरपाणी

हा भाग दोनदा वाचा.

प्रमाण: एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. वाटी कुठलीही, पण दोन्हीला तीच. एका ८ औंसाच्या फीडरला १ कप पाणी आणि पाव कप साखर लागते, आणि एवढाही पूर्ण भरायची गरज नाही, अर्धा भरा.

साखर म्हणजे साधी पांढरी दाणेदार साखर. बाकीचं का नाही ते सांगते कारण दर वर्षी कुणीतरी "पण आमचं नैसर्गिक आहे" म्हणून येतं. गूळ नको, ब्राउन शुगर नको, ऑरगॅनिक पिवळसर साखर नको, या सगळ्यांत मळीचा अंश असतो आणि त्यातलं लोह या पक्ष्यांच्या अंगात साठून त्यांना बाधतं. आपल्याला गूळ चांगला तो ज्या कारणाने, नेमक्या त्याच कारणाने त्यांना वाईट. मध नको, पाण्यात कालवलेल्या मधावर बुरशी फार झपाट्याने धरते. पिठीसाखर नको, तिच्यात कॉर्नस्टार्च असतो. शुगर-फ्री गोळ्या तर अजिबात नको, त्यांत ताकदच नसते, पक्षी पितो आणि उपाशी राहतो. आणि लाल रंग नको. दुकानातलं तयार लाल पाणी नको, खाण्याचा रंग नको, माझ्या एका मैत्रिणीने रूह अफजा घालू का विचारलं होतं, तेही नको! फीडर लाल आहे तेवढं बस.

आता कृती. पाणी गरम करा, साखर घाला, ढवळा, विरघळली की गॅस बंद. झालं. लगेच वापरायचं असेल तर नळाच्या गरम पाण्यातही विरघळते, पण फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर एक उकळी आणा म्हणजे जास्त टिकतं. उकळत ठेवू नका, पाणी आटतं आणि प्रमाण बिघडतं.

इथे आईची गोष्ट सांगायलाच हवी. सांगलीहून आली होती, जून महिना, मी साखरेत चौपट पाणी घालताना तिने बघितलं आणि म्हणाली "अगं असलं पांचट पाणी कोण पिणार? पाहुण्याला असं सरबत देशील का?" मी ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर तिने मायेने एकतारी पाक करून भरला होता, वेलदोडासुद्धा घातलेला. त्या इवल्याशा भोकांत पाक सुकून खडा झाला होता, डेकच्या कठड्यावरून मुंग्यांची रांग थेट फीडरपर्यंत, आणि एक मादी येऊन भोकात चोच घालायला बघत होती, जमेना, पुन्हा मागे सरकून दुसऱ्या भोकाकडे, मग तिसऱ्या. चारही भोकं बघून गेली निघून. आई दारातून बघत होती, तिलाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशीपासून मापाची वाटी तिनेच ताब्यात घेतली.

म्हणून, दाट म्हणजे प्रेम असं नाही. हे लोक ज्या फुलांवर जातात त्यांच्यातला रस याच बेताने गोड असतो.

पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. उरलेलं झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये, आठ-दहा दिवस चालतं. बरणीवर तारीख लिहा, आणि घरात लहान मुलं असतील तर हे सरबत नाही असंही लिहा.

४. टांगायचा कधी

आपल्याकडे एप्रिलच्या मध्यावर. नर आधी येतात, माद्या आठ-दहा दिवसांनी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून येतात, बरेच जण मेक्सिकोचं आखात एका दमात पार करतात, आणि इथे पोचतात तेव्हा आपल्या बागेत अजून फारसं काही फुललेलं नसतं. त्याच वेळी फीडर दिसला तर ती जागा त्यांच्या लक्षात राहते. मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सेलमध्ये घेऊन जूनमध्ये टांगलात तर तोवर त्यांनी जागा ठरवलेल्या असतात. येत नाहीत असं नाही, पण वाट बघावी लागते. टेक्सास-लुइझियानात तर मार्चच्या सुरुवातीलाच टांगून तयार असायला हवं.

पहिले दोन आठवडे कुणी येणार नाही हे धरून चाला. पण पाणी बदलत राहायचं! इथेच माणसं सुटतात, येतच नाही कोणी तर बदलायचं कुणासाठी म्हणून, आणि ज्या दिवशी पहिला पक्षी येतो त्या दिवशी त्याला आंबलेलं पाणी मिळतं. तो परत कशाला येईल?

जवळ लाल-केशरी फुलांची एक कुंडी ठेवा, साल्व्हिया वगैरे. घेताना नर्सरीत विचारा की झाडावर कीटकनाशक मारलंय का. जमिनीत लावायची हौस असेल तर बी बाम, कार्डिनल फ्लॉवर, ट्रम्पेट हनीसकल. हनीसकल घेताना पाटी नीट वाचा, जॅपनीज हनीसकल घेऊन आलात तर कुंपण, शेड, शेजार सगळं गिळतो तो.

५. पाणी बदलणं आणि धुणं

पहिल्या वर्षी माझ्या फीडरच्या झाकणाच्या आतल्या कडेला काळे ठिपके दिसले. मला वाटलं चहाची पावडर उडाली असेल, स्वयंपाकघरातच धुते ना मी. नखाने खरवडलं तर बुळबुळीत. ती काळी बुरशी होती आणि वरून बघितलं तर पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं.

तर हिशोब असा. बाहेर ७० डिग्री फॅरनहाइटच्या आसपास असेल तर पाच दिवस चालतं. ८०च्या घरात गेलं की तीन दिवस. ९०च्या वर, म्हणजे आपले ३२ सेल्सिअस, दर दोन दिवसांनी. आणि जुलैत ते दमट घामट दिवस असतात ना, तेव्हा मी रोज सकाळी बदलते, पाव वाटीच भरते त्यामुळे जिवावर येत नाही. पाणी जरा जरी दुधाळ दिसलं, बोट बुडवल्यावर चिकट तार सुटली, काही तरंगताना दिसलं, तर वार न मोजता ताबडतोब ओता.

नुसतं वरून भर घालायची नाही. जुन्यात नवं म्हणजे विरजण लावणं झालं.

धुण्याचा क्रम:

१) उरलेलं सिंकमध्ये ओता, गवतात नको, मुंग्या येतात.
२) फीडर पूर्ण सुटा करा, रबराची रिंगसुद्धा काढा, बुरशी तिच्या मागेच लपते.
३) गरम पाणी आणि ब्रश. भोकांना बारीक ब्रश, माझ्याकडे स्ट्रॉ धुवायचा आहे तो बरोब्बर बसतो.
४) आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि गरम पाणी मिसळून अर्धा तास भिजत ठेवा, मग घासा.
५) काळी बुरशी दिसलीच तर एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, त्यात तासभर, मग वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळून वास जाईपर्यंत धुवा आणि वाळवा.
६) भरायच्या आधी एकदा नाकाजवळ धरा. कसलाही वास यायला नको.

भांड्याचा साबण मी वापरत नाही, फेस भोकांत राहतो. वापरलाच तर थेंबभर आणि खूप पाण्याने.

सावधान: व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, एकापाठोपाठ एक न धुतल्या भांड्यातही नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पक्ष्याचं सोडा, तुमच्या फुफ्फुसांचं काय होईल.

सगळ्यात कामाची युक्ती: दोन सारखे फीडर घ्या. एक बाहेर, एक धुऊन वाळत. बदलायला अर्धा मिनिट लागतो आणि मग टाळाटाळ होत नाही.

६. मुंग्या, गांधीलमाशा आणि इतर आगंतुक

मुंग्यांसाठी फीडरच्या वर एक छोटी वाटी टांगायची असते, अँट मोट म्हणतात, तिच्यात साधं पाणी. मुंग्यांना ते सहसा ओलांडता येत नाही, वरून खाली यायची वाट बंद. उन्हाळ्यात ही वाटी सुकते, पाणी बदलताना तीही भरा. खांबाला तेल, व्हॅसलीन, ग्रीस चोपडायचे उपाय सांगतात लोक, ते करू नका, पक्ष्याच्या पिसांना लागलं तर निघत नाही आणि तो त्या पिसांवरच जगतो.

गांधीलमाशा ऑगस्टच्या अखेरीस वाढतात. गळतंय का बघा, बाहेरून ओल्या कपड्याने पुसा, फीडर दहा-बारा फूट हलवा, पक्ष्याला नवी जागा लगेच सापडते आणि माशांना जरा वेळ लागतो. स्प्रे मारायचा नाही, फीडरजवळ तर नाहीच पण शक्यतो अख्ख्या अंगणात नाही. हमिंगबर्ड नुसत्या साखरेवर जगत नाही हे आपण विसरतो, चिलटं, कोळी, मावा हे त्याचं खरं जेवण, आणि मादी पिल्लांना भरवते त्यात बहुतेक हेच असतं. सगळे किडे मारून साखरपाणी टांगणं म्हणजे भात-भाजी काढून घेऊन नुसतं सरबत वाढण्यासारखं झालं.

प्रेइंग मँटिस फीडरवर बसलेला दिसला तर गंमत म्हणून फोटो काढत बसू नका. मोठा मँटिस हमिंगबर्ड पकडतो, खरंच. काडीने उचलून दूरच्या झुडपात नेऊन सोडा.

वायव्य जर्सीत, ससेक्स-वॉरेनकडे राहणाऱ्यांनी रात्री फीडर आत घ्यावा, अस्वलांना साखरेचा वास लागतो. तिकडे दक्षिण अ‍ॅरिझोनात रात्रीतून फीडर रिकामा होत असेल तर ती वटवाघळं, आणि ती बिचारी निरुपद्रवी.

आणि गराज! उन्हाळ्यात दार उघडं टाकतो आपण, आत छताजवळ ओपनरच्या दोरीला लाल मूठ लोंबत असते, पक्षी तिला फूल समजून आत येतो आणि मग वरवरच उडत राहतो, खाली उतरून दारातून बाहेर जायचं त्याला सुचत नाही. मुठीला काळी टेप गुंडाळा, दोन मिनिटांचं काम. आत अडकलाच तर दिवे बंद, दार पूर्ण उघडं, फीडर दाराच्या चौकटीत टांगा आणि तुम्ही बाजूला व्हा. झाडू घेऊन मागे धावू नका.

काचेवर आपटून पडला असेल तर हवा जाईल अशा खोक्यात ठेवून अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पाणी-बिणी चोचीत ओतू नका. तासाभरात खोका बाहेर नेऊन उघडला की बरेचदा उडून जातो, नाही गेला तर लायसन्स असलेल्या वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटरला, म्हणजे जखमी वन्यजिवांची काळजी घेणाऱ्याला, फोन करा.

७. एकच नर सगळ्यांना हाकलतो तेव्हा

येतो दीड-दोन चमचे प्यायला आणि मालकी अख्ख्या डेकवर, असा त्याचा स्वभाव. कुणी आलं की अंगावर जातो, चिर्र चिर्र करत पार शेजाऱ्यांच्या मेपलपर्यंत पिटाळून परत येतो. यात आपण मध्ये पडायचं काही कारण नाही, फक्त दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला टांगा, पहिल्यावरून दिसणार नाही असा. दोन्ही शेजारी शेजारी लावलेत तर तो दोन्हींवर बसतो. आमच्याकडे डेकवरचा त्याचा आणि किचनच्या खिडकीचा माद्यांचा, अशी वाटणी झाली आहे.

८. आता बघा

एवढं करून लोक बघतच नाहीत नीट. येता जाता "आला आला" आणि फोन काढेपर्यंत गेला.

वेळ ठरवा. उजाडल्यावरचा पहिला तास आणि अंधार पडायच्या आधीचा अर्धा तास, रात्रभर पुरेल एवढं पोटात भरायचं असतं त्यांना. खुर्ची पहिल्या दिवशी दहा-बारा फुटांवर, रोज एक-दोन फूट जवळ सरकवा. हलू नका, बोललात तर एवढं चालतं. आधी आवाज येतो, मोठ्या भुंग्यासारखा, कानामागून, वळून बघायचा मोह आवरायचा.

नराचा गळा तुम्हाला बहुतेक वेळा काळाच दिसेल आणि वाटेल फोटोतलं लाल कुठे गेलं. तो रंग पिसांत नसतो, प्रकाशाच्या कोनात असतो, म्हणून सूर्य तुमच्या पाठीमागे हवा. एका क्षणी तो मान वळवतो आणि निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखा गळा पेटतो, लगेच विझतो. मादीचा गळा पांढरा, शेपटीच्या टोकांना पांढरे ठिपके. जुलैनंतर मादीसारखा दिसणारा पण गळ्यावर एखाद-दुसरा लाल ठिपका असलेला दिसला तर तो यंदाचाच पोरगा. मे महिन्यात नर झोपाळ्यासारखा वर-खाली झोके घेत असेल तर जवळपास काडीवर मादी बसलेली शोधा, तिच्यासाठीच चाललंय ते.

"पिल्लू बघितलं, इंचभर होतं, बी बामवर" असं कुणी सांगितलं तर ते पतंग असतं, हमिंगबर्ड मॉथ. खरी पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा जवळजवळ आईएवढीच असतात.

फोटोसाठी फोनचा स्लो मोशन २४० फ्रेम्सवर ठेवा. पंख सेकंदाला साधारण ५० वेळा हलतात, तरी निदान चार-पाच फ्रेम्स एका फडफडीला मिळतात. फीडरवर नाही, फीडरच्या बाजूला हवेत फोकस लावा, कारण पिऊन तो जरासा मागे येऊन हवेतच थांबतो. कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या २०००व्या भागाहून वेगवान ठेवा.

जूनमध्ये एकदम वर्दळ कमी होते आणि फोन सुरू होतात, "गेले वाटतं." गेले नाहीत. माद्या अंडी उबवताहेत. घरटं अर्ध्या अक्रोडाएवढं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं आणि बाहेरून दगडफूल चिकटवलेलं, हो मसाल्यातलं दगडफूल असतं ना त्याचेच भाऊबंद, त्यात राजम्याच्या लहान दाण्याएवढी दोन अंडी. म्हणून मे-जूनमध्ये डेकखालची सगळी कोळिष्टकं झाडून काढू नका, तिला लागतात. हिवाळ्यात रिकामं घरटं सापडलं तरी शोकेसला आणायचं नाही, १९१८च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी कायद्याने घरटी, अंडी, पिसं बाळगायला बंदी आहे. जुलैच्या मध्यापासून पिल्लं बाहेर पडतात आणि मग फीडरवर झुंबड, तेव्हा दुसरा फीडर हवाच.

९. इंडिया ट्रिप आणि शेवटची आवराआवर

शाळा सुटली की आपण चार-पाच आठवडे भारतात. जाताना मोठी बाटली गच्च भरून जाणं ही सगळ्यात वाईट पद्धत. शेजारी भरवशाचा असेल तर त्याला फीडरची जोडी आणि फ्रिजमधली बरणी द्या, पहिल्यांदा समोर करून दाखवा. नसेल तर फीडर उतरवून, धुऊन आत ठेवा. उन्हाळ्यात फुलं आणि किडे भरपूर असतात, तुमच्यावाचून कुणी उपाशी मरत नाही. परत आल्यावर टांगा, जेटलॅगमध्ये पहाटे चारला उठताच की, पहिला पक्षी तुम्हालाच दिसेल.

सप्टेंबरमध्ये काढून टाकायची घाई नको. फीडर ठेवला तर ते थांबतील आणि थंडीत मरतील असं फार जण सांगतात, तसं होत नाही, दिवस लहान झाला की ते निघतातच. नर ऑगस्टपासून, माद्या आणि पिल्लं सप्टेंबरभर. उलट उशिरा जाणाऱ्याला वाटेत तुमचं साखरपाणी मिळालं तर बरंच. शेवटचा दिसल्यानंतर दोन आठवडे ठेवा, आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

मग शेवटचं धुणं, व्हिनेगरने, दोन दिवस उघडं वाळवायचं, झाकण घट्ट न लावता डब्यात. रबराची रिंग वेगळ्या पाकिटात घालून त्याच डब्यात ठेवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा कशाची आहे ते. आमच्याकडे एका मार्चच्या सफाईत नवऱ्याने ती प्रेशर कुकरची जुनी रिंग समजून टाकून दिली होती, एवढीशी रिंग कुठल्या कुकरला बसते ते मी अजून विचारतेय.